ज्या दुःखाला तेरावं नसतं

मागच्या महिन्यात सिन्नरहून मित्राचा फोन आला. त्याच्या सात वर्षांच्या पुतण्याला रक्ताचा कर्करोग आहे. दोनदा उपचार झाले, दोनदा आजार उलटला. या खेपेला डॉक्टरांनी फाइलच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहून दिली होती आणि मित्र ती अक्षर लावत मला वाचून दाखवत होता. "पॅलिएटिव्ह केअर टीमला भेटणे. फॅमिलीसाठी स्पिरिच्युअल अँड बिरीव्हमेंट सपोर्ट."

"यातलं केअर आणि फॅमिली एवढंच कळलं मला," तो म्हणाला. "स्पिरिच्युअल म्हणजे काय, दवाखान्यात भटजी ठेवलाय का?" दुसऱ्या शब्दाचा अर्थ त्याच्या मुलीने मोबाइलवर शोधून दिला होता. जवळचं माणूस गेल्यानंतरचा शोक. "पोरगं चांगलं जितंजागतं आहे ना भाऊ. आत्तापासून शोक कशाचा?"

मी डॉक्टर नाही. बहिणीच्या मुलीच्या आजारपणात दोन वर्षं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आहे, आणि ती गेल्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत, माहितगारांना विचारत आलो आहे. मित्राला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

आपल्याकडे द्राक्षबागांवर प्लास्टिकचा कागद ताणलेला अनेकांनी पाहिला असेल. अवकाळी पाऊस त्या कागदाने थांबत नाही, पण घड भिजत नाहीत. कागद टाकला म्हणून कुणी फवारणी बंद करत नाही की पाणी तोडत नाही. बाग सोडूनच द्यायची असती तर एवढा खर्च केलाच नसता.

पॅलिएटिव्ह केअर हा तो कागद. शब्दही मूळ लॅटिन 'पॅलियम'वरून आलेला आहे, म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. सरकारी मराठीत याला उपशामक सेवा किंवा परिहारक सेवा म्हणतात. दोन्ही शब्द बोलीत रुळलेले नाहीत, म्हणून मी पुढे नुसतं 'ही सेवा' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मुलांसाठी तिची वेगळी व्याख्या केली. मुलाचं शरीर, मन आणि आत्मा यांची सर्व बाजूंनी काळजी घेणं आणि त्याच्या कुटुंबालाही आधार देणं, असा तिचा गाभा. सुरुवात कधी, तर आजाराचं निदान होईल तेव्हा. आजार बरा करण्याचे उपचार चालू असोत वा नसोत. म्हणजे फाइलच्या शेवटच्या पानावरची ती ओळ खरं तर पहिल्या पानावर हवी होती. आपल्याकडे ती उशिरा लिहिली जाते, म्हणूनच वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

ही सेवा फक्त कर्करोगासाठी नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल (आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी घरांना हे नाव नवं नाही), स्नायू झिजत जाण्याचे आजार, जन्मजात हृदयविकार, मेंदूला इजा झालेली मुलं, सगळी यात येतात. जगभरात सुमारे २ कोटी १० लाख मुलांना हिची गरज असल्याचा अंदाज आहे. यातले काही आजार दहा-पंधरा वर्षं चालतात. तेवढी वर्षं ते घर कशावर उभं राहतं, हा या सेवेचा खरा विषय.

आणि दुखणं आधी. कळ येऊन मूल कण्हत असताना त्याच्या आईशी जगण्यामरण्याच्या गोष्टी बोलायला जाणं हा क्रूरपणा आहे. तीव्र वेदनेवर तोंडाने द्यायचं मॉर्फिन मुलांनाही देता येतं. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सुकर झाली. 'मॉर्फिन लावलं म्हणजे आता काही खरं नाही' असं वॉर्डाच्या व्हरांड्यात बोललं जातं, त्यावर जाऊ नये. नीट मात्रेत दिलेलं मॉर्फिन घेऊन खेळणारी, चित्रं काढणारी मुलं असतात.

मग ते भटजीचं काय?

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी एक कल्पना मांडली: संपूर्ण वेदना. वेदना म्हणजे चार पदरी दोर. एक पदर अंगाचा, एक मनाचा, एक पैशाचा आणि नात्यांचा, आणि चौथा 'हे का?' या प्रश्नाचा. एक पदर ओढला की बाकीचे तीन आवळतात. रात्री हाडं दुखतात तेव्हा भीती वाढते, भीती वाढली की दुखणं वाढतं, आणि पहाटे तीन वाजता मुलाचे पाय चेपत बसलेली आई स्वतःला विचारते की आपण कुणाचं काय वाईट केलं होतं.

स्पिरिच्युअल सपोर्ट म्हणजे या चौथ्या पदराची दखल. मराठीत 'आध्यात्मिक' म्हटलं की कानावर टाळमृदंग येतो, म्हणून घोटाळा होतो. वॉर्डात हा पदर फार साध्या वाक्यांतून दिसतो. "पोटुशी असताना मी ग्रहणात भाजी चिरली होती." "वणीच्या देवीला बोललेलं फेडायचं राहिलं." "सासूबाई म्हणतात, हे माझ्याच पायगुणाने." "मी देव मानत नाही, पण आता कुणावर चिडू तेच कळत नाही." ही वाक्यं गोळीने शमत नाहीत आणि 'असं काही नसतं हो ताई' म्हटल्यानेही शमत नाहीत. ग्रहणाचं बोलणाऱ्या बाईला डॉक्टरांनी तोंडाने स्पष्ट सांगावंच लागतं की हा आजार कुणाच्या चुकीने होत नाही. पण सांगण्याआधी तिला ते पूर्ण बोलू द्यावं लागतं. बहुतेक वेळा ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत असते.

हे काम करणारा माणूस समुपदेशक असेल, परिचारिका असेल, सरकारी रुग्णालयात ज्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात ते असतील. बाहेरच्या देशांत खास प्रशिक्षण घेतलेले धर्मगुरूही असतात. कुणीही असो, काम एकच: हे घर कशाच्या जोरावर उभं आहे ते ओळखायचं आणि तो टेकू काढून घ्यायचा नाही. मालेगावच्या एखाद्या घराला नमाजाची वेळ आणि पश्चिमेची दिशा दाखवली की पुरतं. कुणी नाशिकरोडच्या बाळ येशूला मेणबत्ती लावून येतं. कुणाच्या घरी बुद्धवंदना असते. आमच्या वॉर्डात एक इंजिनीअर बाप होता, देवाचं नाव काढलं तर उठून जायचा. तो मुलाच्या रक्ताच्या प्रत्येक तपासणीचे आकडे चौकटीच्या वहीत उतरवायचा, लाल शाईने पेशी, निळ्या शाईने हिमोग्लोबिन. माझ्या लेखी तो त्याचा जप होता.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. भाचीच्या उशीखाली बहिणीने अंगाऱ्याची पुडी ठेवली होती. सकाळची चादर बदलताना एका परिचारिकेने ती 'इन्फेक्शन होईल' म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकली. वैद्यकीयदृष्ट्या तिचं बरोबर होतं. त्या मुलीच्या अंगात जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशीच नव्हत्या. पण बहीण त्या दिवशी जेवली नाही. रात्रपाळीच्या सिस्टरांनी काय झालं ते विचारलं, दुसरी पुडी मागवली, झिपच्या छोट्या पिशवीत घालून तोंड बंद केलं, वरून स्पिरिट पुसलं आणि सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने लावून दिली. "इथून तिला दिसेल पण," म्हणाल्या. त्यांना या कामाचं इंग्रजी नाव माहीत होतं की नाही कोण जाणे.

म्हणजे विधी करायलाही तेच सांगतात का?

नाही. करू नका असंही सांगत नाहीत. त्र्यंबकेश्वर आपल्या दारात आहे. मूल आजारी पडलं की नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी ही नावं कुणी ना कुणी नातेवाईक घेऊन येतोच, आणि बुडत्याला काडीही हवी असते. चांगला कार्यकर्ता तीनच गोष्टी पाहतो. विधीसाठी औषधाची तारीख चुकते आहे का, त्यासाठी कर्ज निघतं आहे का, आणि अशक्त मुलाला उपास, गर्दी, थंड पाणी यांतून नेलं जाणार आहे का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तो घराचा प्रश्न.

दवाखाना सोडा, मी बरं करतो म्हणणारा बुवा ही निराळी गोष्ट. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि तक्रार पोलिस ठाण्यात करता येते. दुसऱ्या टोकाचे लोकही मी पाहिले आहेत, जे आईच्या हातातला गंडा बघून तिला अडाणी ठरवतात आणि मोकळे होतात. त्या बाईला त्या क्षणी प्रबोधनाची गरज नसते, खुर्चीची असते.

मुलाला काय कळतंय?

सगळं कळतं. अमेरिकेतल्या मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, वॉर्डातल्या मुलांबरोबर राहून १९७८ मध्ये दाखवून दिलं की कुणी एक शब्द सांगितला नसतानाही मुलांना आपण मरणार हे उमगलेलं असतं. आईवडिलांना त्रास नको म्हणून ती न कळल्याचं नाटक करतात. आईवडील मुलाला त्रास नको म्हणून तेच करतात. एका खोलीत दोन्ही बाजू एकमेकांसाठी गप्प.

स्वीडनमध्ये मूल कर्करोगाने गमावलेल्या पालकांना काही वर्षांनी विचारलं गेलं की तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होता का. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता.

'स्वीडन वेगळं, नाशिक वेगळं' हा आक्षेप मी स्वतः घेतला होता आणि तो अर्धा खरा आहे. आपल्याकडे सातजणांच्या घरात, आजीसमोर, 'बाळा, तू बरा होणार नाहीस' असं वाक्य कुणी उच्चारणार नाही. पण तसं ते तिथेही क्वचितच उच्चारलं जात असेल. मुलं आडून विचारतात, उत्तरही आडून चालतं. "माझी सायकल दादाला द्या" असं मूल म्हणालं तर आपण घाईने म्हणतो, "वेड्या, तूच चालवणार आहेस." तिथे दार बंद होतं. त्याऐवजी "दादाला का द्यावीशी वाटते रे?" एवढं विचारलं तरी दार उघडं राहतं. मग मूल ठरवतं किती आत यायचं ते. त्याने विचारलं नाही तर आपण लादायचं नाही. खोटं मात्र बोलायचं नाही, कारण पकडलं गेलं की त्यानंतर आपलं 'दुखणार नाही हं' हेही त्याला खोटं वाटतं.

पण आत्तापासून शोक कशाचा?

मित्राचा हा प्रश्न त्याच्या घरातच सुटलेला होता, त्याला दिसत नव्हता एवढंच. पुतण्याची शाळा सुटली, केस गेले, गल्लीतले मित्र यायचे थांबले, वहिनींनी नोकरी सोडली, घरात दिवाळीला आकाशकंदील लागला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी गेलं आणि प्रत्येक वेळी 'आत्ता रडायचं नाही' म्हणून ते गिळलं गेलं. हा शोक निदानाच्या दिवशीच घरात आलेला असतो.

म्हणून आधाराची माणसंही तेव्हाच यायला हवीत. मूल गेल्यावर दारात आलेला परका समुपदेशक कुणाला नको असतो. ज्याने मुलाला हसताना पाहिलंय त्याच्याशी माणूस बोलतो. शिवाय काही गोष्टी आधीच करून ठेवता येतात. हाताचा ठसा, आवाजाची ध्वनिफीत, त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घेणं. अशुभ वाटतं, मान्य. पण हीच कामं निरोगी मुलाच्या आईबापांनी केली तर आपण हौस म्हणतो, मग आजारी मुलाच्या घरी ती हौस म्हणूनच करावीत. शेवटचे दिवस घरी की दवाखान्यात, हाही प्रश्न शांतपणे आधी बोलता येतो. रात्री दीड वाजता रुग्णवाहिकेत तो बोलायची वेळ येऊ नये.

लहान मुलाचं काही करायचं नसतं

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही.

भाची गेली तेव्हा चार वर्षांची होती. दहाव्या दिवशी काय करायचं विचारायला आम्ही रामकुंडावर गेलो. गुरुजी म्हणाले, "लहान आहे. हिचं काही करायचं नसतं. फुलं सोडा आणि घरी जा." बोलणं मऊ होतं, त्यांनी शास्त्रच सांगितलं. बहीण पायरीवर उभी होती, हातात झेंडूच्या फुलांची प्लास्टिकची पिशवी. शेजारीच कुणा आजोबांचा दहावा चालला होता. भाताचा पिंड मांडलेला, कावळा काही शिवेना. मग त्यांचा मोठा मुलगा हात जोडून म्हणाला, "धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका." थोड्या वेळाने कावळा आला. सगळी मंडळी एकदम सैल झाली, कुणीतरी चहाचं विचारलं. आमच्या पिशवीतली फुलं सोडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे असं का, याला कारण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं, त्याला अग्निसंस्कार नाही, उदकदान नाही असं सांगितलं आहे. सुतकाचेही टप्पे आहेत: दात येण्याआधी, जावळ काढण्याआधी, मुंजीआधी; मूल जितकं लहान तितके दिवस कमी. घराण्यागणिक, जातीगणिक रीत बदलते, पण धोरण हेच. ज्या काळी घरटी दोन-तीन मुलं जायची त्या काळी प्रत्येकासाठी तेरा दिवस घर थांबणं परवडणारं नव्हतं. फार लांब जायला नको. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२३ मध्ये तो आकडा २५ वर आला. आता एक-दोनच मुलं, ती जगणार हे गृहीत, आणि त्यातलं एक गेलं तर काय करायचं याची रीत मात्र जुन्या आकड्यावर बेतलेली. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत लहान मुलासाठीही प्रार्थना होते, तिथे ही पोकळी थोडी कमी असावी.

तेराव्यापर्यंतच्या दिवसांचा धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी त्यांचा उपयोग काय होतो ते बघा. शेजारून पिठलंभाकरी येते. माणसं येऊन बसतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. घरच्यांना कामावर जा असं कुणी म्हणत नाही. वर्षभर सण नसतो, मग वर्षश्राद्ध, मग पितृपक्ष. बांधकामाला जशी परांची लागते तशी ही शोकाची परांची आहे. भिंत स्वतः उभी राहीपर्यंत बाहेरून धरून ठेवते. मूल गेलेल्या घराला ती मिळत नाही. उलट चौथ्या दिवशी कुणी काका येतात आणि म्हणतात, "अजून तरुण आहात, दुसरं होईल."

बिरीव्हमेंट सपोर्ट म्हणजे ही परांची हाताने बांधणं. जिथे ते नीट चालतं तिथे मूल गेल्यावरही ती माणसं फोन करतात, पहिल्या आठवड्यात, महिन्याने, मुलाच्या वाढदिवसाला, वर्षाने. मुलाचं नाव घेऊन बोलतात. आईवडिलांना इतर अशा आईवडिलांशी गाठ घालून देतात. घरच्यांना स्वतःचा एखादा दिवस ठरवायला सुचवतात. माझी बहीण दरवर्षी भाचीच्या वाढदिवशी अंगणवाडीत खडूच्या पेट्या वाटते. ते श्राद्धच आहे असं मी म्हणतो, ती म्हणते नाही, वाढदिवस आहे.

किती दिवस रडायचं मग?

शोकाच्या पाच पायऱ्या तुम्ही कुठेतरी वाचल्या असतील: नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. डॉ. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण त्या मुळात स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या सरसकट लावल्या गेल्या आणि 'तू अजून तिसऱ्याच पायरीवर' असली भलती मोजमापं सुरू झाली.

नाशिककराला यापेक्षा चांगली उपमा घरची आहे. पावसाळ्यात आपण एकमेकांना विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाऊस इथे पडत नसला तरी गंगापूर धरणातून सोडलं की चढतं. दुसऱ्या दिवशी ओसरतं, पायऱ्या धुऊन दुकानं लागतात, आणि आठवड्याने पुन्हा तेच. मूल गेल्याचा शोक असा असतो. जूनमध्ये शाळेच्या वह्या-दप्तरांची दुकानं सजली की पाणी छातीला. मधले कित्येक दिवस कोरडे, त्या दिवशी माणूस हसतो, सिनेमाही बघतो, आणि मग त्याला हसल्याचा अपराध वाटतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये जवळपास हेच सांगितलं: निरोगी शोकात माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा ये-जा करत राहतो. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं.

नवराबायकोचं पाणी एकाच वेळी एकाच उंचीवर नसतं, यावरून फार भांडणं होतात. मेहुणे अकराव्या दिवशी सातपूरला कंपनीत रुजू झाले. बहिणीला वाटलं, ह्यांना काहीच नाही. ते रोज सुटी झाल्यावर अर्धा तास पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे, हे आम्हाला वर्षाने कळलं.

'विसरायला हवं' हाही सल्ला आता अभ्यासकांनी मागे टाकला आहे. गेलेल्या मुलाशी नातं बदलत्या रूपात चालू राहतं आणि त्यात काही विकृत नाही, ही मांडणी १९९६ पासून रुजली. फोटो काढून ठेवा, कपडे वाटून टाका असं परस्पर ठरवणाऱ्या नातेवाईकांनी एवढं लक्षात घ्यावं. कधी वाटायचे ते आईबाप ठरवतील.

तरी काही वेळा पाणी उतरतच नाही. सहा महिन्यांनंतरही रोज तितकंच तीव्र, आणि त्यापायी उठणं-बसणं, काम, खाणं बंद पडलेलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला दीर्घकाळ रेंगाळणारा शोक म्हणून वेगळं स्थान आहे. त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सहा महिने थांबायचंच नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

घरातलं दुसरं मूल

याच्याकडे सगळ्यांचं शेवटी लक्ष जातं. पाचेक वर्षांपर्यंत मुलांना मेलेलं माणूस परत येत नाही हे पटत नाही. ती रोज विचारतात. आणि त्या वयात मनातल्या विचाराने गोष्टी घडतात असं वाटतं, म्हणून 'मी त्याला मर म्हणालो होतो' हे ओझं एखादं मूल कुणाला न सांगता वाहत असतं. न विचारताच त्याला सांगायला हवं की तुझ्यामुळे काही झालेलं नाही.

'झोपलाय' म्हणू नका. मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेलाय' म्हणू नका. ते वाट बघतं. 'देवाला आवडली म्हणून नेली' हे आमच्याकडे सर्रास बोललं गेलं. भाचा तेव्हा सहा वर्षांचा, त्याने देवघरासमोर जाणं बंद केलं. खूप दिवसांनी म्हणाला, "मी देवाला आवडलो तर?" तिचं शरीर काम करायचं थांबलं, ती मेली, ती परत येणार नाही, आम्हाला खूप वाईट वाटतंय, हे चार तुकडे सहा वर्षांच्या मुलाला झेपतात. शाळेत बाईंना आधी कळवून ठेवावं, म्हणजे 'माझं कुटुंब' असा निबंध देताना त्या विचार करतील.

नाशकात विचारायचं कुणाला?

केंद्राचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि तो जिल्हा पातळीवर पोचावा अशी योजना आहे. मुलांसाठी, त्यातही शोकासाठी, स्वतंत्र माणूस मिळेल अशी खात्री मात्र धरू नका. जिल्हा शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना गाठा. खासगी रुग्णालयात 'पॅलिएटिव्ह' आणि 'काउन्सेलर' हे दोन शब्द वापरून विचारा. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरणाऱ्या, परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्या घरांनी तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी पहिल्याच खेपेला मागावी. कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते, तीही घ्यावी. पैशाचा पदर सैल झाला की बाकीचेही थोडे होतात.

आणि काहीच मिळालं नाही तर? तर शेजारी आहेत. डबा न्या, विचारू नका, न्याच. मुलाचं नाव घ्या. कारणं सांगू नका. तेराव्या दिवसानंतर जा, कारण तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असतं.

मित्राचा परवा पुन्हा फोन आला. भाऊ-वहिनी जाऊन आले होते. "तासभर बोलल्या त्या ताई," तो सांगत होता. "आजाराचं काही काढलंच नाही आधी. पहिला प्रश्न काय, तर याला काय आवडतं. पोरगं म्हणालं, ट्रॅक्टर. मग दोघांचं ट्रॅक्टरवरच चाललं वीस मिनिटं, नांगर कुठला, ट्रॉली कितीची. वहिनी कडेला बसून रडली, तर रडू दिलं तिला." पुढची तारीख मंगळवारची आहे. येताना खेळण्यातला लाल ट्रॅक्टर आणायला सांगितलंय.